हिरव्या लुगड्यातली बाई

समजा बाळांनो, तुम्ही दुर्गाच्या पाठीमागे उभे आहात. तिने बाबाच्या पेटीतून एक जाड कागद ओढून काढला आहे. त्यावर रंगवलेली बाई. हिरवं लुगडं, हिरव्या बांगड्या, ठळक कुंकू. काळ्या खडकावर एक पाय पोटाशी घेऊन बसलेली, पदराचं टोक बोटाला गुंडाळलेलं. मागे तांबडं आभाळ आणि लांब गेलेलं शीड.

दुर्गाने कागद शेजारी नेला. काशीकाकी कोळंबी सोलत होती.

"काकी, ही कोण?"

काकीने ओले हात दूर धरून चित्र न्याहाळलं. "हिरवां लुगडां, हिरवी काकणां, म्हणजे लग्नाचो घोव आसा. आभाळ तांबडां, म्हणजे सांज झाली. शीड लांब गेलां. घोवाची वाट बघता बिचारी." मग ती हसली. "बापाशीच्या पेटयेत गावली? मगे त्येकाच इचार, दुसरां बिऱ्हाड खंय केल्यान तां."

दुर्गा हसली नाही. बाबा, म्हणजे गुरुदास, दशावतारी नाटकमंडळीत होता. दिवाळीपासून गावोगावच्या जत्रा. आज सकाळी घरी, तोंडवलीला आला, आणि जेवून लगेच कसालच्या जत्रेला निघायचा होता. जेवताना त्याने दोनदा हाक मारली. दुर्गा खांबाआडून हलली नाही.

शेवटी चुलीपाशी जाऊन तिने कागद आईच्या मांडीवर टाकला.

"बाबाची दुसरी बायल."

आईने चित्र उजेडाकडे धरलं. "लुगडां माझां. लग्नातलां." मग तिला हसू आलं. "आणि ह्यो तुझो बापूस. शिरोड्याच्या पेंटरान काढल्यान."

"बाबा राजा नाय?"

"राजा दुसरो. ह्यो राणी. बायकांची कामां तोच करता."

दुर्गाने पुन्हा पाहिलं. रंगाखाली बाबाचं नाक होतं.

आईचं हसू मात्र थांबलं होतं. तिचा अंगठा चित्रातल्या बोटावर, त्या पिळलेल्या पदरावर टेकला.

"मी अशीच बसतंय, दारात," ती हळू म्हणाली. "माका वाटायचां, ह्येंच्या ध्यानात येणा नाय."

बाहेर बाबा वहाणा घालत होता. आई चित्र घेऊन तशीच बसून राहिली.

दुर्गा अंगणात गेली आणि बेड्यात, कुंपणाच्या वाटेत, आडवी उभी राहिली.

"बाबा, आये पण येता जत्रेक. लुगडां बदलता हा," ती म्हणाली. "जरा वाट बघ."