मुठीवरचे खळगे

सुतारकामाची नवी पटाशी बोटावर आडवी तोलून त्याने काउंटरवर ठेवली आणि दुसरी उचलली. शेजारच्या स्टुलावर त्याची बायको बसली होती. निवृत्त झाल्यापासून खिडकीशी खुर्ची लावून बसणारा नवरा आज दुकानात उभा राहून पटाश्या पारखतो आहे, हेच तिला सोन्याहून पिवळे वाटत होते. घरी मागच्या खोलीत सुतारकामाचे टेबल आले होते. नातीसाठी पाळणा करायचा होता.

"ही दिसायला झकास, पण मूठ हलकी," तो म्हणाला. दुसरीचे पाते त्याने पुस्तकात वाचल्याप्रमाणे पोलादी पट्टीवर टेकवले. "हिची पाठ सपाट नाही. बघ, खालून उजेड दिसतोय."

"लग्नाच्या वेळी मला एवढं पारखलं नव्हतं हो यांनी," तिने दुकानदाराला सांगितले.

दुकानदार हसला. थोडा थांबला, मग त्याने खालचा खण उघडून एक जुनी पटाशी पुढे केली. पाते काळपट होते, पण नखावर टेकवताच धार रुतली. नवऱ्याने मूठ धरली आणि बाकीच्या पटाश्या बाजूला सारल्या.

"माझ्या हातासाठीच केलीय जणू."

"बघू."

तिचा जन्म हातमोजे शिवण्यात गेला होता. माणसाच्या चेहऱ्याआधी तिला त्याचा हात दिसे. मुठीवर वर्षानुवर्षांच्या दाबाने खळगे पडले होते. अंगठ्याचा, मधल्या बोटाचा, खालच्या दोन्ही बोटांचा. अंगठ्याजवळच्या बोटाच्या जागी मात्र लाकूड कोरे होते. तिथले पॉलिशही उडाले नव्हते. तिच्या मनात पाल चुकचुकली.

"कुणाची होती ही?"

"मूळची कुणाची, ते ठाऊक नाही, वहिनी. जो नेतो तो काही महिन्यांनी परत आणून ठेवतो."

"का? खराब निघते?"

"छे हो. तक्रार कुणीच करत नाही." दुकानदार गुंडाळण्यासाठी कागद फाडू लागला. "डाव्या हाताने ठेवतात आणि जातात."

"अहो, नवीच घ्या ना," ती म्हणाली. पण नवरा कुणाचे ऐकेल तर शपथ. पटाशी घरी आली.

आजवर भिंतीत सरळ खिळा ठोकता न आलेल्या त्या माणसाच्या हातून आता असे सांधे बसू लागले की मध्ये कागद शिरू नये. तो काम करताना शीळ घाली. ती शीळ तिने कित्येक वर्षांत ऐकली नव्हती. पटाशी लपवून टाकावी असे तिच्या फार मनात येई, पण दारापर्यंत जाऊन ती शीळ ऐकून परत फिरे.

मग एके दिवशी चहा पिताना त्याचे अंगठ्याजवळचे बोट कपापासून लांब राहिलेले तिला दिसले. शर्टाची बटणेही तो ते बोट वगळून लावत होता.

"बोट दुखतंय का?"

"कुठलं बोट?" त्याने खरोखरच विचारले.

थंडी पडू लागली, तसा तिने हातमोज्यांसाठी कागद पसरला. त्याच्या हाताचे माप तिला तोंडपाठ होते, तरी म्हणाली, "हात ठेवा."

त्याने उजवा हात ठेवला. तिची पेन्सिल अंगठ्याभोवती फिरून वर आली आणि थांबली.

"बोटं पसरा ना नीट."

"पसरलीयेत की सगळी."

तो थट्टा करत नव्हता. अंगठ्याजवळचे बोट तळव्याखाली दुमडलेले होते. तिने ते हलकेच ओढून सरळ केले. सोडताच ते पुन्हा आत गेले. त्याचे लक्षच नव्हते. तो मागच्या खोलीकडे पाहत होता.

"आटप गं. पाळण्याची एकच बाजू राहिलीय."

ती घाबरली. मग तिने पेन्सिल पुन्हा टेकवली आणि ते बोट आठवणीतून काढले. वरच्या पेराशी किंचित वाकडे, लग्नाआधीपासून होते तसे. रेघ तिने तुटू दिली नाही.

त्याने हात उचलला, कागदाकडे पाहिले आणि हसला.

"एक बोट जास्त काढलंस की गं."