हळदीचं जेवण

धोंडूबाई ओटा सारवत होती. येत्या शिमग्याला हे घर सावकाराचं होणार, हे तिला ठाऊक होतं. तरी उंबऱ्याशी हात हळू फिरवत होती. घर जायचंय म्हणून ओटा तसाच ठेवायचा काय?

थोरल्या मुलाच्या, कान्हाच्या लग्नात तिच्या नवऱ्यानं, बाळारामनं, हे घर गहाण टाकलं. नवरीसाठी नव्हे, मांडवासाठी नव्हे. हळदीच्या रात्री अख्ख्या गावाला मटण खाऊ घालायला आणि सरकारची दारूबंदी असूनही घसे ओले करायला! खाडीकाठच्या आमच्या गावांत ज्याच्या हळदीला गाव जेवलं नाही, त्याच्या मयताला खांदा द्यायला कुणी फिरकत नाही. असे आम्ही अब्रूदार लोक.

बाळारामनं हातपाय कमी हलवले नाहीत. सावकाराचे पाय धरून मुदत मागितली. "निम्मं तरी आणून टाक, मग बघू," सावकार म्हणाला. मेहुण्याकडे गेला, तर मेहुण्याचं घर याच रोगानं गेलेलं. शेवटी सोसायटीच्या सेक्रेटरीनं वाट दाखवली. सोसायटीचं कर्ज घ्यायचं, त्यातून गहाण सोडवायचं आणि हप्त्यानं फेडायचं. फक्त गावातला एक वजनदार जामीनदार हवा.

वजनदार म्हणजे वामन पाटील. बाळाराम त्यांच्या ओट्यावर जाऊन बसला.

"सही करीन ना," पाटील म्हणाले. "पन तुझे दमयंतीची हलद आली. आधी गाव जेवू दे. उपाशी ठेवनाऱ्याचा जामीन कोन राहील?"

बाळाराम घरी आला. पोटापाण्याची होडी विकून आलेले पैसे धोंडूबाईनं तांदळाच्या कणगीत ठेवले होते.

"आवो, ते सावकाराला देऊन टाका," ती म्हणाली. "मुदत तरी वाढंल. हलदीला गूलपानी देऊ."

"गूलपानी? लोकं तोंडावर थुकतील. आनि पाटील सही करंल काय मंग?"

चुलीपाशी बसलेली दमयंती वळली. "बाबा, मना नको असली हलद. घर गेल्यावं मी माहेरपनाला येऊ कुठं?"

लेकीचं बाळारामला पटलं होतं. पण पटलेलं करायला छाती लागते, आणि पिढ्यान् पिढ्या गावाला भिऊन राहिलेल्या माणसानं ती आणायची कुठून?

हळदीला गाव जेवलं. बोकड कमी पडले म्हणून आणखी आणले. पाटलांनी नळी मागून घेतली. मांडवात लग्नाची गाणी, धवले, गाणारी म्हातारी पुतळा गाता गाता मध्येच थांबली. तिला दाराशी उभी धोंडूबाई दिसली होती. आपली होडी उष्ट्या पत्रावळींतून उकिरड्यावर जाताना धोंडूबाई बघत होती, आणि तिच्या तोंडाकडे पुतळाशिवाय कुणाचं लक्ष नव्हतं.

दमयंती सासरी गेली. बाळाराम सहीसाठी पाटलांकडे गेला.

"येड्या," पाटील म्हणाले, "होडी विकून गाव जेवू घातलास. आता खाशील काय नि हप्ता भरशील काय? तुझा जामीन राहून मी माजा घर घालवू?"

माणूस जेवून उठला आणि जेवणाचाच दाखला देऊन मोकळा झाला. चीड येते लिहितानाही.

शिमग्याला घर गेलं. कान्हा बायकोला घेऊन तिच्या माहेरी राहायला गेला. बाळाराम-धोंडूबाईनं मिठागराच्या बांधावर झोपडं बांधलं. तो दिवसभर गावाकडे पाठ करून बसे.

पुढच्या लगनसराईत पाटलांच्या मुलाचं लग्न निघालं. पाटलीणबाई काशी अक्षता घेऊन झोपड्याशी आली. "वयनी, हलदीला जेवाला या."

धोंडूबाईनं हात पुसले. "पोराला हलद लावाला येईन. माजा आशीर्वाद हाय त्याला. पन जेवनार नाय."

"का गो? आमचा काय चुकला?"

"तुमचाच कशाला, माजा बी चुकला. इतकी वरसा मांडवामांडवांत जेवले. कुनाचा घर खाते, कदी इचारला नाय."

"वालीत टाकतील तुला."

"घरातून तं काढलाच हाय. आता गावातून काढा."

बाळारामनं मान वळवली. कितीतरी दिवसांनी तो बायकोकडे बघत होता.

हळदीच्या रात्री धोंडूबाई आली. नवरदेवाच्या गालाला हळद लावली, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पंगत बसत असताना मांडवाबाहेर चालू लागली. पुतळानं धवला पुरा केला, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि न जेवता तिच्यामागून निघाली. बाकी सगळं गाव जेवलं. पाटलांच्या घराचं काय गहाण पडलं होतं, ते पाटलांनाच ठाऊक.

वाचकहो, याही लगनसराईत तुमच्यापुढे पत्रावळ येईल. पहिला घास उचलण्याआधी दाराशी उभ्या असलेल्या घरधनिणीच्या तोंडाकडे एकदा बघा. मग जेववलं तर जेवा.