घंटीबाबा आणि खांद्याचा पॅड

बहिणीच्या बैठकीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. खिडकीच्या गजांना माणसं लटकलेली, जिन्यावर रांग, आणि ज्या सोफ्यावर एरवी भाऊजी पेपर वाचतात तिथे घंटीबाबा ऐसपैस बसलेले. समोर चटईवर माझा तीन वर्षांचा भाचा, ढब्बू. सगळे त्याला फिट येण्याची वाट बघत होते. होय, वाट बघत होते! लहान पोराला फिट यावी म्हणून ताटकळलेली माणसं मी पहिल्यांदाच पाहिली आणि माझं डोकंच सटकलं.

ढब्बूला दिवसातून कितीतरी वेळा फिट यायची. एकामागून एक औषधं वेळच्या वेळी देऊन झाली, उपयोग शून्य. शेवटी मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी हे सगळं मेंदूच्या कुठल्या कोपऱ्यातून सुरू होतं ते शोधून काढलं. "तेवढा भाग काढता येईल," त्या म्हणाल्या, "आणि लवकर काढलेला बरा. या वयात उरलेला मेंदू काढलेल्या भागाची कामं बरीचशी शिकून घेतो." सोमवारी ऑपरेशन ठरलं आणि शुक्रवारी भाऊजींना घंटीबाबा सापडले. बापाचं अवसान गळालं होतं, दुसरं काय.

"पोराचं डोकं म्हणजे काय कलिंगड आहे, कापायला?" बाबा गर्जले. "आत जे बसलंय ते सुरी लागली की आणखी खोल जाईल. माझी घंटी ऐकली की मात्र शेपूट घालून पळतं!"

"शेपूट आहे त्याला? डॉक्टरांच्या फोटोत दिसलं नाही ते," मी म्हणाले.

"अश्रद्ध बाईला उत्तर देत नसतो."

तेवढ्यात ढब्बूचे डोळे एका बाजूला वळले. उजवा हात ताठ वर गेला, अंगठा मुठीत आवळला गेला आणि अंग झटके देऊ लागलं. बहिणीने, डॉक्टरांनी शिकवलं होतं तसं, त्याला कुशीवर वळवलं आणि डोक्याखाली घडी केलेली शाल सरकवली. बाबा डोळे मिटून पुटपुटत राहिले. मग एकदम घंटी उचलली. टण! आणि ढब्बूचं अंग सैल पडलं.

खोलीभर 'अहाहा' झालं. खरं सांगते, माझ्याही अंगावर काटा आला. भाऊजी डोळे पुसत म्हणाले, "सोमवारचं रद्द करू." बहीण ढब्बूचं तोंड पुसत राहिली.

माझी भाची, ढब्बूची आठ वर्षांची ताई, सगळ्यांत नाक खुपसते म्हणून तिला आम्ही भोचकभवानी म्हणतो. तिने मला स्वयंपाकघरात ओढलं.

"मावशी, ते घंटीबाबा डोळे मिटतच नाहीत. ढब्बूच्या अंगठ्याकडे बघतात."

"मग?"

"फिट संपायला आली की आधी त्याचा अंगठा सुटतो, मग बाकीचं अंग. मीच तर नेहमी त्याचा हात धरून बसते. अंगठा सुटला की हे घंटी वाजवतात."

"तू गप्प राहा, मी बघते," म्हणून मी वळले, तर पोरगी गायब.

बाबा चहा पिऊन परतले आणि ढब्बूला पुन्हा फिट आली. पुटपुट झाली. बाबांनी झोकात घंटी उचलून हलवली. आवाज नाही. जोरात हलवली. तरी नाही. आणि ढब्बू? सुस्कारा टाकून तस्साच सैल पडला.

सगळ्यांच्या नजरा घंटीवर. तिच्या तोंडातून पांढरं, गुबगुबीत काहीतरी डोकावत होतं. माझं शिवणकामाचं दुकान आहे. माझ्या पिशवीतून पळवलेला, कोटाच्या खांद्यात घालायचा पॅड मी कुठेही ओळखेन.

पण बाबाही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. "आज घंटी आतल्या आवाजात वाजली! पापी कानांना ती ऐकू येत नाही!"

"मला आली!" गर्दीतला एक विमा एजंट ओरडला.

"मलाही! काय गोड वाजली!" घरमालकीणबाई म्हणाल्या.

"ती वाजलीच नाही," भोचक स्टुलावर चढून म्हणाली. तिने पॅड उपसून सगळ्यांना दाखवला. "मीच कोंबला होता. आता फिट आली की बाबा, सुरुवातीलाच वाजवा."

बाबांना अचानक दुसऱ्या गावचं बोलावणं आठवलं. पण दारात एवढी गर्दी, जाणार कुठून? आणि फिट आलीच.

"वाजवा! अंगठा अजून आवळलेला आहे!"

"मुहूर्त लागतो, बाळ..."

"वाजवा," भाऊजी म्हणाले. त्यांचे हात आता जोडलेले नव्हते.

टण! टण! टण! बाबांना घाम फुटला, घंटी बडवून हात दुखला, पण फिट चालूच. बहीण लेकराला धरून रडत होती. मला तो आवाज सहन होईना. मग कधीतरी, आपल्या वेळेला, अंगठा सुटला.

"संपली," भोचक म्हणाली. "फिट बहुतेक वेळा आपली आपणच थांबते. आणि पाच मिनिटांत नाही थांबली तर घंटी नाही, ॲम्ब्युलन्स बोलवायची. डॉक्टरांनी सांगितलंय."

त्या गोंधळात बाबा सटकले. घंटी मात्र इथेच राहिली.

सोमवारी डॉक्टरीणबाईंनी धोके पुन्हा एकदा समजावले. "खात्री देत नाही. पण शक्यता चांगली आहे."

"बाबांनी शंभर टक्के खात्री दिली होती," भाऊजी पुटपुटले.

"म्हणूनच इथे आलोय," बहीण म्हणाली आणि तिने सही केली.

ऑपरेशन झाल्यापासून आजतागायत ढब्बूला फिट आलेली नाही. औषधं चालू आहेत. उजवा हात थोडा दुबळा पडलाय, त्याला व्यायाम हवा. तेव्हा चमत्कार दिसला, तर हात जोडण्याआधी माझ्या भाचीसारखं एवढंच विचारा: घंटी वाजलीच नसती, तर काय झालं असतं?

घंटी आता माझ्या दुकानात असते. ढब्बू उजव्या हाताच्या अंगठ्याने ती घट्ट धरतो आणि दिवसभर वाजवतो. गिऱ्हाइकं वैतागतात. मी पॅड कोंबत नाही.