हसणाऱ्या खोलीतला टीव्ही

मित्रांनो, नीट बघून घ्या मला. पाठीला कुबड, काचेवर ओरखडा, आवाजाचं बटण आगपेटीच्या काडीने दाबावं लागतं, असा मी जुना टीव्ही. भिलाईजवळच्या कुम्हारीच्या एका कारखान्यात, सायकल स्टँडच्या पत्र्याखाली पडून आहे. ‘बिचारा’ म्हणू नका. दया नको आहे मला. मला राग आलेला आहे, आणि तो तुम्हाला ऐकावा लागेल.

माझे सुरुवातीचे दिवस लाडाचे होते. भिलाईला सेक्टर ६ मध्ये रमाताईंच्या क्वार्टरमध्ये मी आलो, तेव्हा मला हळदकुंकू लावलं होतं. डोक्यावर त्यांनी स्वतः विणलेलं क्रोशाचं झाकण असायचं. मॅच असली की दारात चपलांचा ढीग पडायचा. मग भिंतीवर टांगायचा सपाट टीव्ही आला. रमाताईंचे यजमान या कारखान्यात हिशेबनीस होते. त्यांनी मला स्कूटरवर बांधलं आणि कामगारांच्या जेवणाच्या खोलीत आणून ठेवलं. त्याबद्दल तक्रार नाही. जुनं झालं की असंच होतं.

तक्रार पुढची आहे.

जेवणाच्या सुटीत रोज माझ्यावर एक विनोदी मालिका लागायची. एका कचेरीची गोष्ट. त्यात झुमकलाल नावाचा कारकून. तो बोलायला लागला की बाकीचे उठून जायचे. चार माणसं हसून गप्प झाली की हा हसायचा. प्रत्येक वेळी मागून हसण्याचा गडगडाट व्हायचा. मित्रांनो, ते हसणं आतल्या कोणाचंच नसतं, नंतर भरतात. पण खोलीतलं हसणं खरं होतं. त्याला नावं होती. कमलेश फिटर हसायचा, प्रवीण फोरमन हसायचा, बाकडी हसायची म्हटलं तरी चालेल.

आणि कोपऱ्यात केवलराम डबा खात बसलेला असायचा.

केवलराम क्रेन चालवायचा. छताखालून रुळावर सरकणारी मोठी क्रेन, तिच्या केबिनमध्ये हा अख्खी पाळी एकटा. खालून माणसं हात हलवून सांगणार, हा वरून भोंगा वाजवून उत्तर देणार. आयुष्य असं काढलेला माणूस खाली उतरून गप्पा कशा मारणार? तो मोठ्याने बोलायचा, कारण वर मोठ्यानेच बोलावं लागतं. सांगायचं ते सांगून झालं की वळून चालायला लागायचा. विनोदावर उशिरा हसायचा. झालं! मालिका सुरू होऊन आठवडा झाला नसेल, कमलेशने त्याचं नाव ठेवलं झुमकलाल.

“आले बे झुमकलाल! सरका, सरका, साहेबाले जागा द्या!”

केवलराम हसायचा. उशिरा.

त्याची निवृत्ती जवळ आली. इथे एक रीत आहे. निवृत्त होणाऱ्याला त्याची टोळी वाजतगाजत घरी पोचवते. पुढे हार घातलेला माणूस, मागे मोटरसायकलींची रांग, आणि घरी सगळ्यांना जेवण. फिटरला फिटर नेतात, वेल्डरला वेल्डर. क्रेनवाल्याला कोण नेणार? क्रेन सगळ्यांची, म्हणून क्रेनवाला कोणाचाच नाही. केवलरामला हे ठाऊक होतं. आपण बोलावलं नाही तर कोणी येणार नाही, या धास्तीने तो अर्धा डबा तसाच बंद करायचा. रोज तो तोंड उघडायचा आणि मिटायचा.

त्याच दिवसांत मालिकेत एक भाग आला. झुमकलाल हात जोडून, जरासा वाकून, सगळ्यांना घरी जेवायला बोलावतो आणि कोणीच जात नाही. त्या दिवशी ते भरलेलं हसणं बंद होतं, नुसती बासरी वाजत होती. कमलेशने बाहीने डोळे पुसले. “बेचारा यार,” प्रवीण म्हणाला. अख्खी खोली हळहळली. केवलराम मात्र टक लावून झुमकलालचे हात बघत होता. बोलावतात कसं, ते शिकून घेत होता.

दुसऱ्या दिवशी तो जेवण टाकून उठला. माझ्यासमोर उभा राहिला. हात जोडले, जरासा वाकला आणि क्रेनवरून ओरडावं तसा म्हणाला, “एकतीस तारखेले माया आखरी दिवस हाये! चरोद्याले घरी या, सारेजन! जेवाले!”

 हसण्याने खोली फुटली.

“अरे बाप रे! पुरा सेम टू सेम!” कमलेश बाकावर चढला. “मारा रे टाळ्या! आपला झुमकलाल नक्कल करून राहिला!”

टाळ्या पडल्या, शिट्ट्या पडल्या. केवलरामने सगळ्यांकडे पाहिलं. टाळ्यांना तो होकार समजला. आणि हसला.

एकतीस तारखेला पाळी सुटली. खिडकीतून मला गेट दिसायचं. प्रवीणने हार घातला, फोटो काढला. फिटरना वाटलं वेल्डर जातील, वेल्डरना वाटलं फिटर. मोटरसायकली सुरू झाल्या आणि ज्याच्या त्याच्या घरी गेल्या. केवलराम हार घालून, सायकल धरून थांबला होता. मग एकटाच निघाला.

पुढच्या दिवशी जेवणाच्या सुटीत एक बाई दारात आली. डोक्यावर मोठा गंज, म्हणजे पातेलं. केवलरामची बायको, मैनाबाई.

“कमलेश कोन?”

“मी जी, काकू. बसा न.”

“बसाले नाही आली. हे घ्या, भरड्याचे वडे हायेत. काल तुमच्यासाठी तळले. आमी दोघं किती खाऊ?”

“काकू, कसम से, आमाले वाटलं काका मजाक करून राहिले.”

“मजाक? एवढी सालं त्या मानसानं तुमच्या डोक्यावरून लोखंड नेलं. कधी मजाक केली होती?”

“नाही जी,” प्रवीण खाली बघत म्हणाला.

“मंग त्याच दिवशी कावून करन? बसाले शेजाऱ्याच्या सतरंज्या मांगून आनल्या. मानूस रस्त्यावर उभा. गाडीचा आवाज आला का मले म्हने, चाय ठेव वं, आले. चाय उकळून उकळून काळा झाला. मंग आत येऊन काय म्हने ठाऊक हाये? ‘मैना, टाळ्या तं वाजवल्या होत्या वं त्यायनं.’”

गंज टेबलावर ठेवून ती निघून गेली. कोणी वड्याला हात लावला नाही.

आता खरा संताप ऐका. कमलेश उठला. मला वाटलं, चरोद्याला निघाला. तो माझ्याकडे आला. “हे सारं या टीव्हीच्या मालिकेनं झालं!” म्हणाला आणि प्लग उपटला. सगळ्यांनी माना डोलावल्या. चौघांनी मला उचलून या पत्र्याखाली टाकलं. आणि त्यांना हलकं वाटलं!

मी काच आणि तार. मी केवलरामचं नाव ठेवलं होतं? मी बाकावर चढलो होतो? कमलेश, प्रवीण, खोट्या झुमकलालसाठी डोळे पुसणारे तुम्ही, आणि खरा समोर हात जोडून उभा होता तेव्हा शिट्ट्या मारणारेही तुम्हीच!

ते स्टँडवरून गाड्या काढतात तेव्हा त्यांचं बोलणं मी ऐकतो. “इतवारले जाऊ न चरोद्याले.” “जाऊ. पन यार, काय तोंड घेऊन जावं?” असे किती रविवार गेले. शरम वाटते म्हणून जात नाहीत, आणि गेले नाहीत म्हणून शरम वाढते.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी विनवतात, मला पुसा, मला सांभाळा. मी विनवणार नाही. मी गंजलो तर गंजलो. तुमच्या वर्गात, तुमच्या कामावर असा एक माणूस आहे, तुम्हाला माहीत आहे तो कोण. त्याच्याकडे जा. आणि कमलेश, प्रवीण, कुम्हारीहून चरोदा काही परदेश नाही. बोलायला सुचलं नाही तर नुसते बसा त्याच्याजवळ. दार मैनाबाई उघडेल. ती शिव्या देईल. त्या निमूट ऐका, चपला काढा आणि आत जा.