मंगळवार, गुरुवार, शनिवार

प्रणितानं लखनौच्या संसाराचा हिशेब पुण्यात बसून केला, आणि तोही चोरून केला. आडून विचारलं की उत्तरही आडवंच येतं, हे तिला कुणीतरी सांगायला हवं होतं. पण सांगणार कोण? नवऱ्याची, अनीशची, दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेलेली. मंगळवार, गुरुवार, शनिवार असं आठवड्यातून तीनदा डायलिसिस. आणि सासूबाईंचा दंडक असा, की ही गोष्ट उंबऱ्याबाहेर जाता कामा नये. नातेवाईक आधी हळहळतात आणि मग फोन उचलायचे बंद होतात, असं त्यांचं म्हणणं. झाकली मूठ सव्वा लाखाची! अनीशच्या स्क्रीन प्रिंटिंगच्या दुकानाला टाळं लागलं, तेव्हाही लोकांना 'धंदा मंदावलाय' एवढंच सांगितलं गेलं.

घर प्रणिताच्या पगारावर चालत होतं. मार्चात तिच्या कंपनीनं पुण्याचं ऑफिस बंद करायचं ठरवलं. बिलिंगचं सगळं काम लखनौला जाणार. यायचं असेल त्यानं यावं, नसेल त्यानं तीन महिन्यांचा पगार घेऊन घरी बसावं, आणि काय ते पंधरा दिवसांत लिहून द्यावं. नवऱ्याचा असा आजार असताना बेचाळिसाव्या वर्षी घरी बसणं बाईला परवडतं होय?

लखनौत तिचा मामेभाऊ होता, आशिषदादा, हवाई दलात. तिनं त्याच्या बायकोला, देविकावहिनीला फोन लावला आणि गप्पांच्या ओघात एकेक विचारत गेली. दूध काय भाव, वीजबिल किती येतं, महिन्याचा किराणा कितीत उरकतो. वहिनी अघळपघळ स्वभावाची, तिनं भडाभडा सगळं सांगितलं. घरभाडं मात्र प्रणितानं स्वतः शोधून काढलं, कारण सरकारी क्वार्टर सगळ्यांना मिळत नाही एवढं तिला कळत होतं. मग उगाच आठवल्यासारखं करून तिनं मामांचा विषय काढला. आशिषदादाचे वडील शेवटची दीड वर्षं लखनौलाच होते आणि त्यांचंही डायलिसिस चालायचं.

"फार पैसा जात असेल ना गं त्यात?" प्रणितानं विचारलं.

"छे गं. एक पैसा लागला नाही," वहिनी म्हणाली.

आता कुणीही पुढं विचारलं असतं, का नाही लागला? प्रणितानं विचारलं नाही. विचारलं असतं तर वहिनीनं उलट विचारलं असतं, का गं, कुणाला हवंय? ती घाबरून पुन्हा दुधाच्या भावावर आली. तिकडं सरकारच फुकट करत असेल, अशी तिनं मनाची समजूत घातली. पुण्यात धर्मादाय केंद्रात एका वेळचे साडेतीनशे पडायचे, तेही वाचतील म्हणून ती त्या रात्री चक्क सुखानं झोपली. दुसऱ्या दिवशी होकार लिहून दिला. घरमालकाला नोटीस दिली, आणि त्या पठ्ठ्यानं आठवड्यात नवा भाडेकरू ठरवूनही टाकला.

मग घर बघायला म्हणून ती दोन दिवसांसाठी लखनौला आली. शनिवारी सकाळी वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत दोन खोल्यांचा फ्लॅट बघितला. बारा हजार भाडं, स्वयंपाकघरात भरपूर उजेड, मुलाला, आर्यनला, शाळा चालत जाण्याच्या अंतरावर. तिला तो मनापासून आवडला. मग ऑफिसातल्या मैत्रिणीला भेटून येते असं वहिनीला सांगून ती एकटीच आलमबागला गेली. तिथल्या एका डायलिसिस सेंटरच्या काउंटरवर तिनं विचारलं, आणि मुलीनं मान वर न करता सांगितलं, अठराशे. एका वेळचे. औषधं आणि इंजेक्शनं वेगळी.

प्रणिताला वाटलं, आपलं हिंदी कच्चं, ऐकण्यात चूक झाली असेल. तिनं पुन्हा विचारलं. अठराशेच. यहाँ तो फ्री होता है ना, असं तिनं म्हटल्यावर मुलीनं वर बघितलं आणि सरकारी रुग्णालयाचा पत्ता दिला. तिथं फुकट होत होतं, खोटं नाही. पण खिडकीतल्या माणसानं जाड रजिस्टर उघडलं आणि हिच्याआधी किती नावं आहेत ते बोट फिरवून दाखवलं. नंबर कधी लागेल, असं तिनं विचारलं. "कोई जगह खाली होगी तब," तो म्हणाला. तिथली जागा कशी खाली होते, हे कळायला तिला हिंदी यायची गरज नव्हती.

ती परत आली तेव्हा वहिनी कणीक मळत होती.

"वहिनी, मामांचं फुकट कुठं व्हायचं?"

"मिलिटरी हॉस्पिटलात. आईवडील ह्यांच्या कार्डावर असतात ना."

"आणि किराणा?"

"कँटीनमधून. का गं?"

प्रणिता तिथंच ओट्याखाली फरशीवर बसली आणि तिनं सगळं सांगून टाकलं. अनीश, दुकान, तीन वार, दिलेला होकार, सगळं. वहिनीचे हात पिठातच राहिले. तिला आधी रागच आला, आणि का येऊ नये?

"तू आमचा खर्च विचारलास, मी आमचा सांगितला," ती म्हणाली. "एकदा तोंड उघडलं असतंस तर मीच म्हटलं असतं, बाई गं, येऊ नकोस."

आणि मग तीच रडायला लागली. मुलगी, शर्वरी, आतून येऊन "मम्मी, क्या हुआ?" विचारत राहिली. संध्याकाळी आशिषदादानं चार ठिकाणी फोन फिरवले. बहीण-मेहुणे कार्डावर चढत नसतात, एवढंच त्यातून पक्कं कळलं. महिन्याला तीन हजार मी देत जाईन, असं तो म्हणाला, आणि त्याच्या घरात त्यापेक्षा जास्त निघण्यासारखं नव्हतं. प्रणितानं कंपनीच्या माणसाला फोन करून होकार मागं घेता येईल का विचारलं. त्यानं अगदी गोड आवाजात सांगितलं, की मुदत सोमवारीच संपली, मॅडम. आता नाही म्हणणं म्हणजे राजीनामा, आणि राजीनाम्याला तीन महिन्यांचा पगार नाही.

म्हणजे पुण्यात घर नाही आणि नोकरी नाही, आणि लखनौत दोन्ही आहे पण नवऱ्याचं डायलिसिस नाही. बाईनं जायचं कुठं?

रविवारी सकाळी ती व्हरांड्यात कागद घेऊन बसली. आर्यनची शिकवणी कापली. सासूबाईंच्या गुडघ्याचं पुढच्या वर्षावर ढकललं. बांगड्या विकल्या, आशिषदादाचे तीन हजार धरले, स्वतःचा दुपारचा डबासुद्धा अर्धा केला. आठवड्याला तीनदाचं डायलिसिस काही केल्या त्यात बसेना. मग तिनं नुसतं बघावं म्हणून आठवड्याला दोनदा धरून गणित केलं. ते बसलं. ओढूनताणून, पण बसलं. प्रणिताला स्वतःची इतकी शिसारी आली, की तिनं पेन बाजूला ठेवलं. कागद मात्र फाडला नाही.

तेवढ्यात अनीशचा फोन आला. घर कसं आहे, त्यानं विचारलं. तिनं या वेळी काही झाकलं नाही. अठराशे, रजिस्टर, कार्ड, सोमवारी संपलेली मुदत, एकामागून एक सांगत गेली. फक्त कागदाचं सांगितलं नाही.

"हे बघ," शेवटी तो म्हणाला, "गुरुवारचं सोडून देऊ. मी पाणी कमी पीत जाईन. पुष्कळ लोक दोनदाच करतात गं."

काहीतरीच काय बोलतोस, एवढंच म्हणायचं होतं. त्याला कितीसा वेळ लागतो? पण तिच्या डोळ्यांसमोर कागद होता आणि कागदावर दोनदाचं गणित जमलेलं होतं. प्रणिता गप्प राहिली. खालून एक भाजीवाला ओरडत गेला, कोपऱ्यावर वळला, त्याचा आवाज ऐकू येईनासा झाला, तरी ती गप्पच होती. पलीकडून अनीशचा श्वास ऐकू येत होता. तो वाट बघत होता.

"नाही, असं कसं," ती शेवटी म्हणाली. "तीनदाच करायचं."

"हो, हो," अनीश म्हणाला, लहान पोराची समजूत काढावी तसा. "तू आधी घर ठरवून टाक."