एकाच जागची अकरा ठिगळं

मागच्या गल्लीतल्या काकांकडून मी त्यांची तरुणपणीची सायकल स्वस्तात घेतली. नवे टायर घालायचे म्हणून दोन चमचे खुपसून मागचा जुना टायर उपसला, चमचे वाकवल्याबद्दल बायकोची बोलणी खाल्ली आणि ट्यूब बाहेर ओढली. तिला अकरा ठिगळं होती, आणि सगळीच्या सगळी व्हॉल्व्हशेजारच्या वीतभर जागेत! काटे काय पत्ता विचारून येतात? माझ्या डोक्यात किडा वळवळला. नवे टायर राहिले बाजूला; ट्यूब गळ्यात अडकवून मी थेट काकांचं दार वाजवलं.

काका आधी खोकले, मग चक्क लाजले.

"अरे, तेव्हा पंक्चरच्या दुकानात मालकाची मुलगी बसायची. तिथं जायला काही कारण नको का? मग मीच कडेनं दाभण टोचायचो."

"अकरा वेळा?"

"छे, चारदाच! बाकीची कशी झाली, देव जाणे. दुरुस्त करून आणली, की घरी पोचेपर्यंत पुन्हा हवा गेलेली."

आतून काकूंचा आवाज आला, "दाभण आमच्या दुकानातही होतं म्हटलं!"