चौथ्या खात्याची खुर्ची

मी चौथ्या खात्याची खुर्ची बोलतेय. दचकू नका. टेकायचं असेल तर खुशाल टेका. इतकी वर्षं माझ्यावर माझ्या खात्याचं कुणी बसलंच नाही, म्हणून तर मी एवढी दमले आहे.

माझा जन्म कारखान्यातला, पण नशीब ठरलं ते सरकारी कचेरीत. परदेशी जाणारा काही माल दुधारी असतो. त्यानं माणसं जगवता येतात आणि मारताही येतात. असा माल सोडायचा की नाही, हे ठरवणारी खाती चार: व्यापार, संरक्षण, सीमाशुल्क आणि परराष्ट्र. प्रत्येकाचा कायदा वेगळा, यादी वेगळी. एक खातं हो म्हणायचं, दुसरं थांबा म्हणायचं आणि माल गोदामात गंजत पडायचा. शेवटी वरून हुकूम आला की चौघांनी एका टेबलाशी बसून एकच उत्तर द्यावं. टेबल आलं, सोबत आम्ही चौघी बहिणी आलो. माझ्या वाट्याला परराष्ट्र खातं आलं. माल नेमका कुणाच्या हाती पडणार, हे सांगायचं काम त्यांचं.

बहिणींवर पहिल्याच दिवशी माणसं बसली. माझं माणूस आलं नाही. पुढच्या बैठकीला येतो, असा निरोप आला. पुढच्या बैठकीलाही तोच निरोप आला. मग लोक माझ्यावर पिशव्या ठेवू लागले. पाठीवर छत्र्या टांगू लागले. संरक्षणवाले साहेब तर जेवणाचा डबा माझ्याच मांडीवर ठेवत. बहिणींच्या गाद्या दबल्या, कापड विरलं. माझ्या हातांवरचं प्लास्टिकसुद्धा निघालं नाही. त्या माझा हेवा करायच्या. मला मात्र त्यांचा हेवा वाटायचा.

अशात ती पंपवाली बाई आली. हे नाव शिपाईकाकांनी ठेवलेलं. तिचा छोटा कारखाना होता. पाण्यात क्लोरीन मिसळणारा, न गंजणारा, न गळणारा पंप तिनं बनवला होता. तो जायचा होता सरहद्दीपलीकडच्या एका गावात. तिची थोरली बहीण तिथल्या पाणीपुरवठ्यावर इंजिनिअर होती. गावचा जुना पंप बंद पडला होता, दूषित पाण्यानं पोरं आजारी पडत होती आणि नवा पंप इथल्या गोदामात अडकला होता.

त्या दिवशी बाहेर रंगकाम चालू होतं. शिपाईकाकांनी तिला आत आणून माझ्यावर बसवलं आणि ते चहा आणायला गेले. मला काय वाटलं म्हणून सांगू! अंगावर माणसाचं ओझं आलं आणि मी एकदम खुर्ची झाले.

तेवढ्यात साहेबमंडळी आली. बाई उठू लागली, तर बैठकीचे अध्यक्ष, व्यापार खात्याचे साहेब म्हणाले, "बसा, बसा. आलात एकदाच्या." चौथ्या खात्याचं माणूस कुणी कधी पाहिलंच नव्हतं. बिचारीला वाटलं, मोठी भली माणसं आहेत.

पहिलाच विषय तिच्या पंपाचा निघाला. संरक्षणवाले म्हणाले की पंप योग्य हाती पडतोय एवढं चौथ्या खात्यानं सांगावं, म्हणजे त्यांची सही तयार आहे. अध्यक्ष तिच्याकडे वळले. "बोला बाई, तुमच्या खात्याची काही हरकत?"

आता कुठे तिच्या लक्षात आलं. तिची बोटं माझ्या हातावर आवळली, प्लास्टिक घामानं ओलं झालं. नाही, एवढा एकच शब्द हवा होता. मी मनातल्या मनात तिला म्हणत होते, बोल गं, बोलून टाक.

"साहेब, मी कुठल्याच खात्याची नाही," ती म्हणाली. "पंप माझा आहे."

अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं. मग संरक्षणवाल्यांनी हळूच विचारलं, हरकत नाही म्हणून मोकळं का नाही झालात?

"अगदी ओठांवर आलं होतं. पण हाच पंप विषारी वायूलाही चालतो, मीच बनवलाय तो. उद्या या खुर्चीत भलताच कुणी येऊन बसला आणि हरकत नाही म्हणाला तर?"

मला वाटलं, आता कुणीतरी फोन उचलेल, चौथ्या खात्याला हाताला धरून आणेल. तिला बाहेर पाठवून त्यांनी खूप वेळ चर्चा केली. पंपाचा विषय पुढच्या बैठकीवर गेला. मात्र परक्या माणसानं पुन्हा चुकून बसू नये, म्हणून रिकामी खुर्ची खोलीबाहेर काढावी, असं ठरलं. इतक्या वर्षांत सगळ्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं.

तेव्हापासून मी दाराबाहेर आहे. दर बैठकीला ती येते, माझ्यावर बसते, नखांनी प्लास्टिक सोलत राहते. ते आता निघतच आलंय. आज तिच्या थोरल्या बहिणीचा फोन आला. बाई दबक्या आवाजात म्हणाली, "ताई, अजून थोडे दिवस पाणी उकळूनच द्या गं पोरांना." मग फोन ठेवून ती पुन्हा प्लास्टिक सोलू लागली.

आत जाणाऱ्या साहेबांनो, मला खुर्चीचा मान वगैरे नको. मला फक्त परत आत न्या, आणि ज्याच्यासाठी मला घेतलं त्या खात्याचं एक माणूस माझ्यावर बसवा. त्यानं हो म्हणावं नाहीतर नाही म्हणावं. ही बाई दोन्ही ऐकायला तयार होऊन बसली आहे.